पंच नाय, पोलीस नाय, मग लाल सिग्नलला थांबायचं कशाला? अनसपोर्टेड सायकल रेस आणि रस्त्याचे नियम

चार हजार किलोमीटरची सायकल रेस असते, तिच्यात मागं गाडी नसते, कोच नसतो, रस्त्यावर एकही पंच नसतो, असं साताऱ्यात कुणालाही सांगा, पुढचा प्रश्न ठरलेला: "मग बघतंय कोण?" म्हणजे सिग्नल तोडला, रॉंग साईडनं घुसला, बंदी असलेल्या रस्त्यावरनं मारली, तर कळणार कुणाला? प्रश्न एकदम रास्त आहे. आणि खरं उत्तर असं की काही गोष्टी घरबसल्या जगाला कळतात आणि काही कुणालाच कळत नाहीत, आणि ही रेस कशी चालते ते समजायचं असेल तर या दुसऱ्या प्रकाराकडं जरा नीट बघायला लागतं.

आधी अनसपोर्टेड म्हणजे काय ते पटकन सांगतो. या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे ट्रान्सकॉन्टिनेन्टल रेस, टीसीआर म्हणतात तिला, माईक हॉल या ब्रिटिश रायडरनं २०१३ ला सुरू केली, पहिली रेस लंडन ते इस्तंबूल. स्टार्टला घड्याळ सुरू झालं की फिनिशलाच थांबतं, मधे तुम्ही झोपा, जेवा, पंक्चर काढा, घड्याळ चालूच. लॉज चालतं, हॉटेल चालतं, सायकलचं दुकान चालतं, पण जे कुठल्याही रायडरला पैसे टाकून मिळू शकतं तेवढंच. मावशीनं पेठ नाक्यावर डबा आणून दिला किंवा मित्र कराडात ट्यूब घेऊन उभा राहिला तर तो झाला सपोर्ट, म्हणजे नियम मोडला. दुसऱ्याच्या मागं चिकटून वारा वाचवायचा नाही, म्हणजे ड्राफ्टिंग नाही. टीसीआरमधे तर रस्तासुद्धा बराचसा तुम्हीच ठरवायचा, मधले कंट्रोल पॉईंट, म्हणजे जिथं हजेरी लावायलाच लागते ती ठिकाणं, तेवढे त्यांनी दिलेले आणि काही तुकडे सक्तीचे, बाकी नकाशा तुमचा आणि डोकंही तुमचं.

आपल्याकडं लोकांना जी माहीत असते ती रॅम, म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका, ती वेगळी. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ ला ती जोडीनं पूर्ण केली, २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी सोलो केली, तेव्हा पेपरात भरपूर आलं होतं. पण तिथं मागं गाडी असते, क्रू असतो, रायडर पेंगायला लागला तर हॉर्न मारणारं कुणीतरी असतं. अनसपोर्टेडमधे हॉर्न मारणारा फक्त मागनं येणारा ट्रकवाला.

आता मुद्दा. आपल्याकडची बैलगाडा शर्यत बघा, त्यासाठी माळ मोकळा करतात, प्रत्येक जोडीला आपापली चाकोरी, पब्लिक बाजूला, झेंडा पडला की सुटायचं. म्हणजे शर्यतीची जागा आणि येण्याजाण्याची जागा वेगळी. टीसीआरसारख्या रेसला असा माळ नाहीच. रस्ता चालू, ट्रक चालू, शाळा सुटलेली, म्हशी आडव्या, आणि त्यातनंच रेस. रस्ता बंद करायची परवानगी घेतलेली नसते, कारण चार हजार किलोमीटर रस्ता बंद कोण करून देणार. त्यामुळं रायडर त्या रस्त्यावर कायद्यानं फक्त एक सायकलवाला असतो, रेस त्याच्या डोक्यात आणि घड्याळात चालू असते. म्हणूनच अशा रेसच्या नियमावलीत रस्त्याचे नियम आत ओढून घेतलेले असतात: ज्या देशात सायकल चालवताय तिथला वाहतुकीचा कायदा माहीत करून घ्यायचा आणि पाळायचा, मोडला तर तो रेसचाही नियम मोडला. पोलिसानं पकडलं का नाही हा प्रश्न वेगळा.

बऱ्याच जणांना वाटतं हे सेफ्टीचं आहे, आयोजकांनी स्वतःची कातडी वाचवायला घातलेलं कलम. तेवढंच नाहीये ते. जरा हिशोब करा. २०१९ ची टीसीआर फियोना कोल्बिंगर या जर्मन मुलीनं जिंकली, बायका-पुरुष सगळ्यांत पहिली, साधारण चार हजार किलोमीटर, वेळ १० दिवस २ तास ४८ मिनिटं. भागाकार केला की ताशी साडेसोळाच्या आसपास येतं. साडेसोळा! आपल्या इथं यवतेश्वर घाट चढून कासला जाऊन येणारी पोरं रविवारी याच्यापेक्षा जास्त ॲव्हरेज दाखवतात. पण हे साडेसोळा झोप, जेवण, पंक्चर, दुकानातली रांग सगळं धरून आहे, दहा दिवस. म्हणजे या रेसमधे पायातल्या जोरापेक्षा न थांबण्याला किंमत आहे. जो कमी थांबतो तो पुढं जातो.

आणि लाल सिग्नल म्हणजे काय, तर थांबणं. समजा दिवसाला वीस सिग्नल लागले, प्रत्येकी पाऊण मिनिट, तर रोजची पंधरा मिनिटं, दहा दिवसांत अडीच तास. अडीच तास म्हणजे या रेसमधे एका रात्रीची झोप आहे भावा. एकानं सगळे सिग्नल पाळले आणि दुसऱ्यानं एकही नाही, तर दुसऱ्यानं पहिल्यापेक्षा एक रात्र जास्त झोपून तेवढ्याच वेळात रेस संपवली, आणि फ्रेश डोक्यानं. हे सरळसरळ चोरलेले अडीच तास आहेत, फक्त सुट्ट्या पैशात चोरलेत म्हणून दिसत नाहीत.

सिग्नलपेक्षा मोठी चोरी रस्त्याची. मोठा हायवे सपाट असतो, सरळ असतो, गावातनं फिरवत नाही, आणि शेजारनं ट्रक गेला की त्याचा वारा फुकटात ओढतो. पण युरोपात मोटरवेवर, म्हणजे तिकडच्या एक्स्प्रेसवेवर, सायकलला बंदी, वर टीसीआरवाले स्वतःच बंदी असलेल्या रस्त्यांची यादी काढतात, काही रस्ते तर कायद्यानं चालत असले तरी धोकादायक म्हणून यादीत टाकतात. जर्मनीत निळ्या पाटीवर पांढरी मोटार दिसली की तो रस्ता फक्त मोटारींचा, सायकल आत नाही. आणि निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल असेल तर उलटं, शेजारचा सायकल ट्रॅक वापरायचाच, मेन रोडवर यायचं नाही, मग तो ट्रॅक थोडा खडबडीत असला तरी. नकाशाच्या ॲपनं "इथनं जा" म्हणून सांगितलं हे कारण चालत नाही, रूट तुम्ही काढलाय म्हणजे जबाबदारी पण तुमचीच.

एकाच रेसमधे चार-पाच देश ओलांडायचे तर कायदाही चार-पाच वेळा बदलतो. स्पेनमधे गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं. फ्रान्समधे रात्री गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पाहिजे, इटलीत ते बोगद्यातही पाहिजे. जर्मनीत सायकलला ब्लिंक होणारा लाईट चालतच नाही, जो आपल्याकडं सगळ्यात आधी विकत घेतला जातो. तिथं सायकलवाल्यानं लाल सिग्नल तोडला तर ६० युरो, सिग्नल लाल होऊन एका सेकंदाच्या वर गेल्यावर तोडला तर १००. सायकलवाल्याला शंभर युरोची पावती, ऐका!

मग आपल्याकडं काय? इथं लोकांचा मोठा घोटाळा आहे. "सायकलला कुठं कायदा असतो" हे वाक्य मी पोलीस खात्यातल्या माणसाच्या तोंडूनही ऐकलंय. यातलं अर्ध खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात साधी सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळं लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही, इन्शुरन्सची सक्ती नाही, आणि हेल्मेटचं कलम १२९ हे मोटरसायकलला लागू, सायकलला नाही. रस्त्यावर शर्यत लावली म्हणून जे कलम १८९ लागतं ते पण मोटार वाहनांपुरतंच. इथवर ठीक. पण महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा, त्यात वाहनाच्या व्याख्येत सायकल नाव घेऊन आहे, आणि डाव्या बाजूनं चालायचा नियम वाहनाला आहे. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, जुनं आयपीसी २७९, त्यात सार्वजनिक रस्त्यावर कुठलंही वाहन बेदरकारपणे चालवून माणसाचा जीव धोक्यात आणला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुठलंही वाहन, इंजिन पाहिजे असं काही त्यात म्हटलेलं नाही. तीस-पस्तीसच्या स्पीडनं उतारावरनं येणाऱ्या सायकलनं म्हातारा माणूस उडवला तर "माझी सायकल आहे हो" म्हणून सुटका नाही, आणि इन्शुरन्स नसल्यामुळं भरपाई स्वतःच्या खिशातनं.

उलट बाजूनं पण बघा. तुम्हाला गाडीनं उडवलं, केस अपघात न्यायाधिकरणात गेली, आणि समोरच्या वकिलानं दाखवून दिलं की सायकलवाला रॉंग साईडला होता किंवा मागचा लाईट नव्हता, तर तुमचाही दोष धरला जातो आणि भरपाईतनं तेवढा हिस्सा कापला जाऊ शकतो. हे घरच्यांना नंतर कळतं.

रॉंग साईडचं जरा थांबून बोलू, कारण आपल्या पुणे-सातारा-कोल्हापूर हायवेवर, एनएच ४८ वर, सिग्नलपेक्षा हा रोग मोठा आहे. हायवेला मधे डिव्हायडर, कट लांब लांब, आणि तुम्हाला हवं असलेलं हॉटेल नेमकं पलीकडं किंवा तीनशे मीटर मागं. कायद्यानं जायचं तर पुढं जाऊन अंडरपास शोधा, फिरून या, तेवढ्यात तीन किलोमीटर वाढले. सगळं गाव तीनशे मीटर उलटं जातंय, बाईक, ॲपे, दुधाच्या गाड्या, मग सायकलवाल्यालाच काय झालंय? झालंय हे की रेस चालू आहे आणि ते तीन किलोमीटर रेसचा भाग आहेत. जेवायला कुठं थांबायचं हे आधीच असं ठरवायचं की हॉटेल आपल्याच हाताला असेल. अनुभवी रायडर रूट काढतानाच हे बघतो, डाव्या हाताचे पेट्रोल पंप, डाव्या हाताची हॉटेलं, नाहीतर सरळ कराडच्या आत शिरून खायचं आणि पुन्हा हायवेला लागायचं.

खंबाटकीचं गणित तर सगळ्यांना पाठ आहे, पुण्याकडनं साताऱ्याकडं येताना घाट, साताऱ्याकडनं पुण्याकडं जाताना बोगदा. दोन्ही एकेरी. त्यामुळं पुण्याकडं जाताना बोगदा टाळावा म्हणून घाटातनं उलटं चढायची आयडिया कुणी दिली तर हसून सोडून द्या, वळणावर समोरनं उतारानं ट्रक येतोय आणि त्याच्या डोक्यात तुम्ही नाहीच आहात. बोगद्याच्या आधी थांबून मागचा लाईट बघायचा, जॅकेट घालायचं, कानातले इअरफोन काढायचे, मग आत. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मात्र सायकल अजिबात नाही, टू-व्हीलर पण नाही, म्हणून मुंबईकडनं येणारी रेस जुन्या हायवेनं यावी लागते. टोलनाक्यांवर, आपला आनेवाडी किंवा तासवडे, सायकलला टोल नाही, अगदी डावीकडनं निघायचं, फास्टॅगच्या लेनमधे बूम खाली यायच्या आत निसटायला बघू नका.

आता पहिल्या प्रश्नाकडं, बघतंय कोण. प्रत्येक रायडरकडं सॅटेलाईट ट्रॅकर असतो, तो दर काही मिनिटांनी जागा सांगतो आणि ती नकाशावर ठिपका होऊन सगळ्या जगाला दिसते. हे ठिपके बघत बसणारे लोक असतात, डॉटवॉचर म्हणतात, रात्री दोनला उठून बघणारे पण आहेत, त्यांच्या बायकांना विचारा. तुमचा ठिपका मोटरवेवर दिसला की अर्ध्या तासात आयोजकांकडं तक्रार पोचते. रेसनंतर ट्रॅक तपासतात, बंदीच्या रस्त्यावर गेला असाल तर वेळेचा दंड, फार असेल तर डीक्यू, म्हणजे बाहेर. ट्रॅकर बंद पडला तर रायडरकडं स्वतःच्या जीपीएसचं रेकॉर्डिंग मागतात. म्हणजे रस्त्याची चोरी पकडली जाते.

सिग्नलची नाही. काही मिनिटांनी पडणाऱ्या ठिपक्याला पाऊण मिनिटाचा सिग्नल दिसणं शक्य नाही. रॉंग साईड पण दिसत नाही, डिव्हायडरच्या अल्याड का पल्याड एवढी बारकाई त्या ठिपक्यात नसते. त्यामुळं तिथं उरतं काय तर रायडर स्वतः आणि त्याच्या आसपासचे एक-दोन रायडर. यावर लोक म्हणतात मग नियम कागदावरच की! मला तसं वाटत नाही, कारण डब्याचा नियम पण असाच आहे, मित्रानं गुपचूप ट्यूब आणून दिली तर तीही ट्रॅकरला दिसत नाही. सगळी अनसपोर्टेड रेस याच पायावर उभी आहे की तुम्ही एकटे असताना काय केलं ते तुम्हीच खरं सांगणार. ज्याला सिग्नलचा नियम फालतू वाटतो त्यानं ट्यूबचा नियम तरी का पाळावा, आणि मग तो नक्की कसली रेस जिंकला?

झोपेचं प्रकरण मात्र ठिपक्यात दिसतं आणि तरी त्याला कायदा नाही. दारू पिऊन गाडी चालवायची आपली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आता अभ्यासातनं हे दिसलंय की सतरा-अठरा तास सलग जागा असलेला माणूस तेवढ्याच रक्तात साधारण ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा वागतो, चोवीस तासांनी तर १०० च्या आसपास. म्हणजे रात्रभर सायकल मारून पहाटे उंब्रजजवळ पोचलेला रायडर आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट "पिलेला" असतो, आणि ब्रेथ ॲनालायझरमधे शून्य. लाल दिवा दिसला पण मेंदूनं नोंद घेतली नाही, पांढऱ्या पट्टीवरनं हळूहळू उजवीकडं सरकत गेला, ही सगळी त्याचीच लक्षणं. त्यामुळं काही रेसवाल्यांनी आता ठराविक तास थांबायची सक्ती आणलीय, त्यावर जुन्या लोकांचा वाद चालूच आहे की मग ही मोकळी रेस कसली. मी सक्तीच्या बाजूचा आहे. थकलेल्या माणसाला स्वतःच्या थकव्याचा अंदाज येत नाही, हाच तर त्या थकव्याचा गुण.

२०१७ हे या खेळाचं फार वाईट वर्ष. ३१ मार्चला ऑस्ट्रेलियात इंडियन पॅसिफिक व्हील रेस चालू होती, फ्रीमँटल ते सिडनी, साधारण साडेपाच हजार किलोमीटर, तिच्यात खुद्द माईक हॉल कॅनबेराजवळ उजाडायच्या आधी गाडीच्या धडकेत गेला आणि रेस तिथंच थांबवली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ट्रान्स ॲम रेसमधे एरिक फिशबाईन कॅन्सासमधे, आणि टीसीआरमधे पहिल्याच रात्री फ्रँक सायमन्स बेल्जियममधे, दोघंही गाडीच्या धडकेत. यात चूक कुणाची ते ठरवत बसायची ही जागा नाही. पण त्यानंतर लाईट, रिफ्लेक्टर, रस्त्याची निवड यावरची चर्चा बदलली, आधी हे सगळं ज्याचं त्याचं म्हणून सोडून दिलं जायचं.

आपल्या भागात रात्रीचा धोका वेगळाच आहे. इकडं सायकलिंगचा सीझन म्हणजे पाऊस संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत, आणि नेमका तोच कारखान्यांचा गळीत हंगाम. सातारा ते सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर, कराड सोडलं की पेठ नाक्यावरनं सांगलीपर्यंत दोन्ही बाजूला ऊस आणि रस्त्यावर उसाचेच ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या शेंड्यांनी झाकलेला, पुढं मात्र हे मोठे स्पीकर लावून गाणी. गाणं ऐकू आलं तर नशीब, कारण मागनं जाणाऱ्याला तेवढीच खूण. बैलगाड्या तर अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. तुमचा हेडलाईट इथं दुसऱ्याला दिसण्यासाठी नाही, तुम्हाला ट्रॉली दिसावी म्हणून पाहिजे, तेव्हा बारका लुकलुकणारा दिवा उपयोगाचा नाही. मागं दोन लाईट ठेवा, एक सायकलवर, एक हेल्मेटवर किंवा बॅगवर, सायकलवरचा स्थिर, कारण लुकलुकणाऱ्या लाईटनं मागच्या ड्रायव्हरला अंतराचा अंदाज नीट येत नाही.

आणि ट्रॉलीचा मोह. भरलेली ट्रॉली वीस-पंचवीसनं चाललेली असते, मागं लागलं की वारा एकदम गायब, पाय फुकट फिरतात, वर पाहिजे तर ऊस पण ओढून खाता येतो, शाळेत असताना सगळ्यांनी केलंय. रेसमधे हे ड्राफ्टिंग, म्हणजे दंड. आणि रस्त्यावर हे ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला की तोंड उसात.

ज्यांना हे सगळं करून बघायचंय त्यांनी एकदम टीसीआरचा फॉर्म भरू नये, बीआरएम करावी, म्हणजे ठराविक अंतर ठराविक वेळेत पुरं करायची लांबची सायकल राईड. तिला रेस म्हणत नाहीत, नंबर काढत नाहीत, पॅरिसचा ऑडॅक्स क्लब जगभर हिशोब ठेवतो आणि आपल्याकडं त्याच नियमांनी चालतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. मदत फक्त कंट्रोलवर, मधे गाडी मागं लावली तर गेलात. लाईट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नसेल तर रात्रीचं सोडतच नाहीत. मला तिच्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कंट्रोल उघडायची पण वेळ असते, २०० चा फिनिश स्टार्टपासून ५ तास ५३ मिनिटांच्या आत उघडतच नाही. सिग्नल तोडत आलात तर बंद दाराशी उभे राहा. फक्त घोळ शेवटाला होतो, वेळ संपत आली की तेच शांत लोक शेवटच्या दहा किलोमीटरमधे सांगलीच्या ट्रॅफिकमधे घुसतात आणि विश्रामबागला काय चाललंय ते बघत नाहीत. तो अर्धा तास आधीच कुठंतरी, एखादा चहा कमी करून, राखून ठेवायला लागतो.

शेवटची एक गोष्ट जी नवीन लोक हमखास विचारतात. चुकून बंदीच्या रस्त्याला लागलो किंवा पोलिसानं खाली उतरवलं तर? पोलिसाशी रेसचा विषय काढायचा नाही, त्याला तुमच्या रेसशी देणंघेणं नाही, तो म्हणेल तसं उतरायचं. जवळच्या सुरक्षित ठिकाणानं बाहेर पडायचं, वेळ आणि जागा फोनमधे टिपून ठेवायची, आयोजकांना तेव्हाच मेसेज टाकायचा. ठरलेला रस्ता सोडून गेला असाल तर जिथं सोडला नेमकं तिथंच परत येऊन पुढं निघायचं, मग त्या परत येण्यात दहा किलोमीटर जावोत का वीस. पोलिसानं गाडीत घालून पुढच्या गावात सोडलं असेल तरीही तसंच, रिक्षा करून मागं या, पण सायकल तिथूनच सुरू.